ओढलं की फुटतं

९ जानेवारी

धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर तुझ्या बायकोचं, म्हणून आधी वाटलं की कुणाचं तरी लग्न ठरलं असेल. उघडलं तर आत तू निघालास. चार वर्षांत तुझी एक ओळ आली नाही आणि आता अचानक चार पानं, तीही पाठपोट. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. यात गाढव कोण ते मला कळतं, तरीही उत्तर लिहायला बसले आहे. काय समजायचं ते समज.

"पाण्यात काठी मारली म्हणून पाणी दुभंगत नाही," असं लिहिलंयस. हे तुला कुणी सुचवलं? आपल्या कारखान्यात इतकी वर्षं नेमकं तेच तर होतंय. हाताचं क्रीम म्हणून लोक बाटली घेतात, पंप दाबतात आणि तळहातावर पचकन पाणी येतं. वर तेलाचा तवंग. अशा बाटलीसोबत भावाबहिणीच्या प्रेमाची म्हण पाठवायची म्हणजे कमाल आहे.

"जे झालं तो गैरसमज होता," हेही लिहिलंयस. गैरसमज आपोआप होत नाही रे, कुणीतरी तो करून देतं. तुझी आठवण सोयीने चालते, म्हणून मी सांगते काय झालं ते. दुकानांतून फुटलेल्या क्रीमची खोकी परत आली, त्या दिवशी तू सगळ्यांना पॅकिंगच्या खोलीत बोलावलंस. पॅकिंगच्या मावशी होत्या, गोदामवाला होता, टेम्पोचा ड्रायव्हरसुद्धा दारात उभा होता. आई खिडकीजवळ तिच्या स्टुलावर. तू एक बाटली वर धरलीस आणि म्हणालास, "टाकी ताईकडे आहे. मी फक्त भरतो."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. तेल, पाणी आणि मेण मीच मोजायचे, मीच तापवायचे, टाकीत घोटायचेही मीच. तुझ्याकडे बाटल्या भरायचं नवीन मशीन आणि विक्री. मी काही बोलले नाही, कारण आई बोलेल अशी माझी खात्री होती. हे क्रीम तिनं घरच्या शेगडीवर, एका पातेल्यात बनवायला सुरुवात केली होती. मला घोटायला तिनं शिकवलं. माझा हात चुकतो की नाही, हे तिच्याहून जास्त कुणाला ठाऊक? ती स्वतःचे तळहात बघत बसली. मग म्हणाली, "काही दिवस दुसऱ्या कुणालातरी टाकीवर उभं राहू दे."

मी एप्रन काढून खिळ्याला अडकवला आणि बाहेर पडले. ते काही दिवस अजून संपलेले नाहीत.

तर, मी येणार नाही. तुझ्याकडे टाय लावणारा नवा केमिस्ट आहे असं ऐकते. त्याला विचार.

तुझी कागदोपत्री बहीण


२ फेब्रुवारी

धाकट्या,

दुसरं पत्र पहिल्यापेक्षा बरं आहे. यात म्हणी नाहीत.

टायवाल्यानं मेण दुप्पट केलं, तेल बदललं, घोटायचं पातं बदललं, शेवटी टाकीही नवीन आणली. म्हणजे मी गेले, माझं मापही गेलं, माझी टाकी भंगारात गेली, आणि क्रीम फुटतंच आहे. शाळेतलं पोरही यावरून काय ते ओळखेल. तूही ओळखलंयस, नाहीतर मला पत्र कशाला आलं असतं? पण आईला सांगितलंस का? दोन्ही पत्रं मी नीट वाचली. आईची तब्येत आहे, आईचा चष्मा आहे, आई जिन्यावरून हळू उतरते हे आहे. आईला तू काय सांगितलंस ते कुठेच नाही.

मला माहीत आहे क्रीम का फुटतं ते.

फुशारकी मारत नाही. मी इथल्या कॉलेजात मुलांची प्रात्यक्षिकं घेते, हे तुला कळलं असेलच. आमच्याकडे कॅमेरा जोडलेला मायक्रोस्कोप आहे आणि सुट्टीच्या दिवशी प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडे असते. एकदा दुकानात सहज तुझी बाटली दिसली, घेतली आणि काचेखाली टाकली. अपघातच म्हण.

तुला कधी यात रस नव्हता, तरी ऐक. क्रीम म्हणजे काय? पाण्यात सुटे सुटे राहिलेले तेलाचे बारीक थेंब. प्रत्येक थेंबाला मेणाचा पातळ अंगरखा. थेंब सुटे आहेत तोवर क्रीम. एकात एक मिसळून ते मोठे होत गेले की तेल वर, पाणी खाली, आणि खोकी परत. लोक एकीचे गोडवे गातात, आपल्या धंद्यात मात्र एकी म्हणजे नासाडी.

आता थेंब मिसळतात कधी? एकमेकांवर आदळल्यावर, असं सगळेच धरून चालतात. मीही चालत होते. म्हणून आपल्या सगळ्या परीक्षा आदळण्याच्या. क्रीम गरम कपाटात ठेव, म्हणजे थेंब सैरावैरा धावतील. नळीत घालून गरगर फिरव, म्हणजे ते एकमेकांवर दाबले जातील. तुझा टायवाला हेच करत असणार, आणि प्रत्येक बॅच पास होत असणार. कारखान्यात पास, दुकानात नापास. बरोबर ना?

तो चुकीचा प्रश्न विचारतोय. बरोबर प्रश्न माझ्याकडे आहे, उत्तरही आहे. त्याबदल्यात मला पगार नको, पाटीवर नाव नको, तू लिहितोस ती केबिन तर मुळीच नको. आईसमोर बस आणि म्हण, "क्रीम ताईमुळे फुटलं नव्हतं." बस एवढंच. त्यात "पण" नको, "तसं पाहिलं तर" नको. एक वाक्य बोल आणि मला कळव. उलट टपाली सगळं सांगते.

ताई


१४ फेब्रुवारी

"ताईची एकटीची चूक नव्हती."

हे तू आईला सांगितलंस आणि वर मला अभिमानानं कळवलंस. एकटीची! म्हणजे अर्धी चूक माझी, अर्धी नशिबाची, आणि तू आपला मधल्या मधे कोरडा. लहानपणी दुधाचं भांडं लवंडलं की तू असंच म्हणायचास, "आम्ही दोघं होतो तिथे." तेव्हा मी हसायचे.

"आईला या वयात त्रास कशाला," म्हणतोस. आपली मुलगी कामात गचाळ आहे, असं मानून ती इतकी वर्षं जगतेय, तो त्रास नाही वाटतं?

आणि हो, मी तुमच्या वाईटावर टपून बसलेली नाही. बाटली मी एकदाच घेतली होती. बरं, एकदा नाही. दर बॅचची घेते. कोपऱ्यावरचा दुकानदार परवा काळजीनं विचारत होता, ताई, हातांना एवढं झालंय तरी काय, डॉक्टरला दाखवा ना. त्याला काय सांगणार? घरी माझ्या कपाटात कपड्यांपेक्षा तुझ्या बाटल्या जास्त आहेत. यातून तुला जे काढायचं ते काढ. मला ते कळवू नकोस.

वाक्य पूर्ण बोल. तोवर लिहू नकोस.


६ मार्च

धाकट्या,

तू लिहिलं नाहीस, मीच लिहिते आहे. खूश हो.

पॅकिंगच्या मावशींचा फोन आला होता. त्यांच्याकडे माझा नंबर कसा, हे विचारत बसू नकोस. निम्म्या बायकांना तू घरी बसायला सांगितलंस आणि बाकीच्यांना महिनाअखेरीपर्यंत बघू म्हणालास. मावशी माझ्याकडे काही मागत नव्हत्या. त्या फक्त म्हणाल्या, "तुम्ही दोघं शिकलेली माणसं, तुमचं भांडण तुम्हाला परवडतं." म्हणून हे उत्तर त्यांच्यासाठी पाठवते आहे. तू फक्त पोस्टमन आहेस.

मी दोन काचांच्या मधे पाणी भरलं. दोन बाजूंनी दोन बारीक सुया आणल्या आणि प्रत्येक सुईच्या टोकाला तेलाचा एक थेंब फुगवला. मग एक थेंब दुसऱ्यावर नेऊन आदळला. काही नाही. जोरात आदळला, तरी काही नाही. दाबून धरला. दोन्ही थेंब समोरासमोर चपटे झाले, खिडकीच्या काचेला नाक लावून उभ्या राहिलेल्या पोरांसारखे. पण मिसळले नाहीत. दोघांच्या मधे पाण्याचा एक पातळ पडदा अडकून राहतो. तो बाजूने निसटून जायला वेळ लागतो आणि मेणाचा अंगरखा त्याला आणखी अडवतो. जितकं दाबावं तितके थेंब चपटे होतात, तितका पडदा रुंद होतो, आणि तितकं त्याला निसटणं अवघड. दिवसभर दाबत बसले. शेवटी चिडले, म्हटलं नका मिसळू, आणि सुई झटक्यात मागे ओढली.

तेव्हा मिसळले.

माझा विश्वास बसेना. कॅमेऱ्यात साठवलेलं पुन्हा पुन्हा हळू करून पाहिलं. थेंब दूर जायला लागतात त्या क्षणी मधल्या जागेत पोकळी पडल्यासारखं होतं, तिथला दाब एकदम घटतो. दाब असा घटल्यानं दोन्ही थेंबांच्या पोटाला एक एक बारीक टोक फुटतं, समोरच्याच्या दिशेनं. ती टोकं पडद्याला दोन्हीकडून भिडतात आणि पडदा त्या एका जागी फाटतो. खेळ खलास. पुढे तर आणखी मजा. दोघे एक होताना अंग आखडून घेतात, त्यामुळे शेजारच्या थेंबापासून झटक्यात दूर होतात, आणि शेजाऱ्याशीही तेच होतं. मग त्याच्या शेजाऱ्याशी. एकदा सुरू झालं की रांगच्या रांग जाते.

म्हणजे दाबल्यानं काही होत नाही. दाबून ओढलं की फुटतं.

आता तुझं लाडकं मशीन आठव. ते आलं त्या दिवशी तू आम्हा सगळ्यांना गोळा करून दाखवलंस. बघा, म्हणालास, एक थेंब सांडत नाही. का सांडत नाही? बाटली भरली की त्याचा दट्ट्या क्रीमला मागे हिसका देतो, म्हणून तोटी गळत नाही. विकणाऱ्यानं याचेच तर जास्तीचे पैसे घेतले. त्या बारीक तोटीत थेंब एकमेकांवर दाबून बसलेले असतात. मग तुझा हिसका. प्रत्येक बाटलीला एक. तोटीतलं ते क्रीम पुढच्या बाटलीत जातं आणि तिथे बसून हळूहळू बाकीच्यांना बिघडवतं. जुन्या बरण्या आपण डावानं भरायचो. डाव गळायचा, ओटा बरबटायचा, मावशी पुसून पुसून शिव्या घालायच्या. तेव्हा क्रीम फुटलं होतं का कधी?

हिसका बंद कर. मागच्या बाजूला त्याचा स्क्रू आहे, तो पूर्ण सैल कर. तोटी रुंद बसव आणि मशीन सावकाश चालव. गळेल. गळू दे. खाली भांडं ठेव आणि फडकं घेऊन एक बाई उभी कर. ज्यांना घरी बसवलंस त्यांच्यातलीच.

आणि एक. हे वाचून आपल्या दोघांविषयी काही गोड अर्थ काढू नकोस. तुझी बायको काढेल, तिला सवय आहे. थेंबांना नाती नसतात. ते तेल आहे.

उत्तर दिलं. वाक्य तुझ्याकडे बाकी आहे.

ताई


११ एप्रिल

धाकट्या,

क्रीम टिकलं. हे मला मावशींकडून कळलं, तुझ्याकडून नाही. सगळ्या बायका कामावर परत आल्या. तू म्हणे सर्वांसमोर म्हणालास, "मशीनमध्ये एक बदल सुचला." सुचला का? कुठे, अंघोळ करताना? टायवाल्यानं टाळ्या वाजवल्या असं ऐकलं.

गरज सरो, वैद्य मरो. चालायचंच. मी रागावले नाही, मला याचीच अपेक्षा होती. हे खोटं आहे. मला याची अपेक्षा नव्हती. रोज संध्याकाळी आले की जिन्याखालची टपालपेटी उघडून बघते. खाली चाव्या बनवणाऱ्याचं दुकान आहे, तो आता मला बघूनच मान हलवतो, नाही आलं म्हणून.

तू विचारशील की एवढंच आहे तर आईला मीच फोन का करत नाही. करते ना, दर महिन्याला. जेवलीस का, झोप लागते का, डोळ्यांत औषध घातलंस का. त्यापुढे आमची दोघींची गाडी जात नाही. मी सांगितलं तर ती माझी बाजू होईल, आणि आपल्या घरात माझी बाजू नेहमी "ती जरा तिरसट आहे" इथे संपते. तू सांगितलंस तर ते खरं होईल. इतकं साधं आहे. तुझ्या तोंडून निघालं पाहिजे, कारण गेलंही तुझ्याच तोंडून होतं.

मला माझ्या आईच्या नजरेत माझा हात परत हवा आहे. बाकी कारखाना तुझा, मशीन तुझं, सुचलेला बदलही तुझा.

ताई


२७ एप्रिल

धाकट्या,

तू बोललास. आईचा फोन आला तेव्हा पहिलं तिनं तेच सांगितलं. तू तिच्यासमोर खाली बसलास, म्हणे, आणि सगळं सांगितलंस. मशीनचं, हिसक्याचं, माझ्या पत्राचं, आणि मधे काही न लपवता ते वाक्यही. तुला इतकं जमेल असं मला वाटलं नव्हतं. हे कौतुक समज, यापेक्षा गोड मला येत नाही.

पुढचं तुला तिनं सांगितलं नसेल, म्हणून लिहिते.

मी म्हटलं, "आता तरी पटलं ना तुला?" ती आपल्या त्या नेहमीच्या सुरात, डोळ्यांच्या औषधाबद्दल बोलावं तसं म्हणाली, "मला ते तेव्हाच माहीत होतं."

मला वाटलं ऐकण्यात काहीतरी चूक झाली. तिला पुन्हा सांगायला लावलं. ती म्हणाली, "अगं, तू दर बॅचमधून मशीनला जोडायच्या आधी माझ्या हातांसाठी वाटीभर क्रीम काढून आणायचीस ना? ते कधी फुटलं नाही. बाटल्यांतलं फुटायचं, माझं नाही. मग टाकीत काय चूक असणार?"

वाटी मीच भरून नेत होते, धाकट्या. वर्षानुवर्षं, स्वतःच्या हातानं. आणि मी सुया आणि कॅमेरे घेऊन काचेत डोळे घालून बसले. काखेत कळसा म्हणतात तो असा. पण त्याचं मला तेवढं लागलं नाही.

मी विचारलं, "मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तो गेला असता," ती म्हणाली. "मशीन त्याचं, कर्ज त्यानं काढलेलं, इतक्या माणसांसमोर तोंडावर पडला असता. तो बाहेर पडला तर कुठे उभा राहणार होता? तुझं तसं नाही. तू कुठेही उभी राहतेस."

"निदान मला तरी सांगायचंस. एकटीला. हळूच."

"तुला सांगितलं असतं तर तू गेली नसतीस."

अगदी सरळपणे म्हणाली. तिनं दोन मुलांना हातात तोलून पाहिलं आणि जे फुटणार नाही ते बाहेर ठेवलं. मी इतकी वर्षं तुला शिव्या घालत होते. घातल्या त्या परत घेत नाही, तू त्यांना लायक होतास. पण तुझ्या वाट्याच्या तेवढ्याच तुझ्या, बाकीच्या भलत्याच पत्त्यावर गेल्या.

आणि मला काय टोचतं सांगू? ती माझ्या हाताला कधीच गचाळ मानत नव्हती. मला हवं होतं ते सगळं माझ्याकडे पहिल्या दिवसापासून होतं. तिनं माझ्यावर पूर्ण विश्वास ठेवला, म्हणून मला घालवलं. आता मी मागू काय, आणि कुणाकडे?

शेवटी म्हणाली, "झालं गेलं सगळं मिटलं ना आता? मग येतेस कधी? तुझी खोली मी पुसून ठेवली आहे." मी म्हटलं, "आई, मी कुठेही उभी राहते ना? मग इथे उभी आहे." आणि फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या आधी ठेवला.

ठेवल्यावर खूप रडले. खालच्या चावीवाल्यानं काम थांबवून वर हाक मारली, इतकं. हे आईला सांगू नकोस. तिला वाटेल, आपला हिशेब चुकला. तो चुकलेला नाही. मी उभी आहे.

ताई